सुई समाधानी, अँटेना उपाशी

वर्धा जिल्ह्यातील पुलगाव आणि आर्वी या गावांना जोडणारी एक छोटी रेल्वे होती. सुमारे ३५ किलोमीटरचा तिचा मार्ग अडीच फुटी नॅरोगेजचा. पुलगावहून एकीकडे मुंबईला आणि दुसरीकडे नागपूरला जाणारा मुख्य लोहमार्ग मात्र साडेपाच फुटी ब्रॉडगेजचा. आर्वीकडून आलेला डबा पुलगावला पोहोचे आणि तेथेच थांबे. त्यातील माल उतरवून मोठ्या रुळांवरच्या डब्यात चढवल्याखेरीज तो पुढे सरकणे शक्य नसे. इंजिन कितीही दमदार असो की माल कितीही मोलाचा असो, रुळांचे माप जेथे बदलते तेथे हमाल लागणारच.

रेडिओलहरी प्रक्षेपित करणाऱ्याला हीच अडचण रोज भेटते. ट्रान्समीटरमधून निघालेली विद्युतशक्ती केबलमधून धावत अँटेनापर्यंत जाते आणि तेथून अवकाशात पसरते. हा प्रवास एकाच मापाच्या रुळांवरून झाला तर उत्तम. पण ट्रान्समीटरचे माप एक, केबलचेही तेच, आणि अँटेनाचे मात्र भलतेच, असे बहुधा घडते. मग शक्तीचा काही भाग सांध्यावर अडतो आणि आल्या वाटेने माघारी फिरतो. हे माप म्हणजे इम्पिडन्स. मराठी परिभाषेत संरोध. मापे जुळवण्याच्या क्रियेला इम्पिडन्स मॅचिंग म्हणतात आणि ते काम करणाऱ्या पेटीला अँटेना ट्यूनर. हौशी रेडिओच्या, म्हणजेच हॅम रेडिओच्या छंदात या पेटीइतकी गैरसमजांनी वेढलेली दुसरी वस्तू क्वचितच सापडेल. पेटीवरची कळ फिरवली, सुई खाली आली, काम झाले, अशी समजूत सर्रास आढळते. सुई खरे बोलते, पण ती फक्त आपल्या जागेपुरते बोलते, हे ध्यानात यायला अनेकांना वर्षे लागतात.

हौशी रेडिओ म्हणजे परवान्याने, पण व्यापारी हेतूविना केलेले प्रक्षेपण. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला परवाना आणि 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होणारे स्वतःचे संकेतनाम मिळते. मधल्या मध्ये ना मोबाइलचा मनोरा असतो ना कुठली कंपनी. आपली शक्ती, आपली तार आणि वरचे आकाश, एवढ्यावरच सगळा व्यवहार. म्हणूनच शक्ती नेमकी कुठे जाते हा प्रश्न येथे जिव्हाळ्याचा ठरतो.

इम्पिडन्स हा शब्द ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये घडवला. एखाद्या मंडलाला विद्युतदाब दिला असता त्यातून किती प्रवाह वाहतो, याचे ते गुणोत्तर. ते ओहममध्ये मोजतात. घरातल्या साध्या दिव्याच्या बाबतीत हे प्रकरण सरळ असते. परंतु दाबाची दिशा सेकंदाला लाखो वेळा बदलत असेल, तर इम्पिडन्सचे दोन भाग पडतात. एक भाग शक्ती खरोखर घेतो आणि वापरतो. दुसरा भाग उसनवारी करणाऱ्या शेजाऱ्यासारखा. तो शक्ती घेतो आणि पुढच्याच क्षणी परत करतो. हाती काही लागत नाही, पण ये-जा मात्र चालू राहते. तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, प्रवाहाला दाबाच्या मागे रेंगाळायला लावते. कपॅसिटर त्याला दाबाच्या पुढे धाडतो. दोघांची प्रवृत्ती परस्परविरुद्ध असल्यामुळे एकाच्या उसनवारीने दुसऱ्याची फेड करता येते. ट्यूनरचे सारे शास्त्र या एका सोयीवर उभे आहे.

आता अँटेनाकडे येऊ. हौशी मंडळींची सर्वांत लाडकी अँटेना म्हणजे डायपोल: तरंगलांबीच्या निम्म्या लांबीची तार, मधोमध तोडलेली आणि तेथे केबलला जोडलेली. मोकळ्या अवकाशात तिच्या मध्यभागी सुमारे ७३ ओहम इम्पिडन्स असतो, आणि तोही निव्वळ पहिल्या प्रकारचा, उसनवारीचा लवलेश नसलेला. प्रत्यक्षात जमिनीची जवळीक, आजूबाजूच्या भिंती, गच्चीवरची लोखंडी टाकी यांमुळे हा आकडा खालीवर होतो. तार आखूड पडली की ती कपॅसिटरसारखी वागू लागते, लांब झाली की कॉइलसारखी. एकच तार दोन घरांवर टांगली तर दोन निराळ्या अँटेना तयार होतात, असे म्हटले तरी चालेल.

या विधानाचे महत्त्व आपल्या इतिहासातील एका प्रकरणात दिसते, आणि त्याचा धागा वर्ध्यापाशी सुरू होतो. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यात ब्रिटिश सत्तेने निघून जावे असा ठराव केला. ८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर त्यावर शिक्कामोर्तब झाले आणि ९ ऑगस्टच्या पहाटे नेत्यांची धरपकड झाली. वृत्तपत्रांवर निर्बंध होतेच. अशा वेळी २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त 'काँग्रेस रेडिओ' सुरू केला. युद्ध सुरू होताच सरकारने हौशी रेडिओचे परवाने रद्द केले होते. तरीही याच छंदातले तंत्रज्ञ नरीमन प्रिंटर यांचे ज्ञान ट्रान्समीटरच्या उभारणीत कामी आले. भारतातील कोठूनतरी, ४२.३४ मीटरवरून हे केंद्र बोलत असल्याचे निवेदनात सांगितले जाई.

या ४२.३४ मीटरचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. प्रकाशाच्या वेगाला या तरंगलांबीने भागले की वारंवारता येते सुमारे ७.०८ मेगाहर्ट्‌झ. भारतात हौशी रेडिओला आज दिलेला '४० मीटर पट्टा' ७.० ते ७.२ मेगाहर्ट्‌झ असा आहे. म्हणजे त्या गुप्त केंद्राचे स्थान आजच्या हौशी पट्ट्यात अगदी आत बसते. ही निवड व्यवहाराचीही होती असे दिसते. या वारंवारतेच्या लहरी वरच्या आयनांबरावरून परावर्तित होऊन दिवसा काही शे किलोमीटर आणि रात्री त्याहून पुष्कळ दूर पोहोचतात. मुंबईपासून वर्धा सरळ रेषेत सुमारे सव्वासहाशे किलोमीटर. दिवसाच्या टप्प्यात येणारे अंतर. आणि त्यासाठी लागणारी अर्धतरंग तार सुमारे २० मीटरची, मोठ्या घराच्या गच्चीवर बसू शकेल अशी.

पोलिसांच्या शोधगाड्यांना चुकवण्यासाठी हे केंद्र सतत जागा बदलत होते. आपण त्याकडे धाडसाची कथा म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. तंत्रज्ञाच्या नजरेने पाहिले तर प्रत्येक स्थलांतराबरोबर जुळवणीचे कामही नव्याने उभे राहत असणार. नवी इमारत, नवी उंची, शेजारी वेगळ्या भिंती. तार तीच असली तरी तिचा इम्पिडन्स तो राहत नाही. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडला, उषा मेहता पकडल्या गेल्या आणि हे केंद्र कायमचे बंद झाले.

त्या काळच्या ट्रान्समीटरला वेगळा ट्यूनर बहुधा लागत नसे. व्हॉल्व्हच्या संचाचा स्वतःचा इम्पिडन्स हजारो ओहमचा. तो खाली आणण्यासाठी शेवटच्या टप्प्यात कॉइल आणि फिरता कपॅसिटर असेच. चालक ते फिरवून अँटेनाशी जुळवून घेई. म्हणजे ट्यूनर संचाच्या पोटातच होता, त्याला वेगळे नाव नव्हते. १९७०च्या दशकात ट्रान्झिस्टरचे संच आले आणि चित्र पालटले. हे संच आटोपशीर, तापायला वेळ न घेणारे, पण बाहेर ५० ओहमच हवा असा हट्ट धरणारे. जोडलेले माप फार वेगळे दिसले की त्यांच्यातील संरक्षक मंडल आपली शक्ती आपणच घटवते, नाहीतर ट्रान्झिस्टर जळेल. तेव्हापासून स्वतंत्र ट्यूनरची पेटी हौशी ऑपरेटरच्या टेबलावर कायमची आली.

पेटी उघडली तर आत फारसे काही नसते. एक कमी-जास्त करता येणारी कॉइल आणि एक किंवा दोन फिरते कपॅसिटर. उदाहरणादाखल ७.०८ मेगाहर्ट्‌झला २०० ओहमची अँटेना ५० ओहमशी जुळवायची आहे असे धरू. सुमारे २ मायक्रोहेन्रीची कॉइल मार्गात आणि सुमारे १९५ पिकोफॅरडचा कपॅसिटर अँटेनाच्या बाजूला आडवा घातला की झाले. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला पात्यांचा 'गँग कंडेन्सर' ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या आकड्यांतून ओळख पटेल. तेवढ्या धारकतेचे काम तो सहज करतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून असे जुने सुटे भाग उचलून ट्यूनर बांधण्याचा आनंद अनेक पिढ्यांनी घेतला आहे. मात्र गँगच्या पात्यांमधली फट अरुंद असल्याने तो थोड्या शक्तीपुरताच. अँटेनाचा इम्पिडन्स अडीच हजार ओहम असेल आणि शक्ती १०० वॅट, तर तेथे ५०० व्होल्ट उभे राहतात, आणि लहरीच्या शिखरावर ७०० व्होल्टांहून अधिक. बारीक फटीतून ठिणगी उडायला एवढे पुरते.

इथवर सारे सरळ आहे. गुंता सुरू होतो तो सुईपाशी.

केबलमधून पुढे जाणारी आणि माघारी येणारी लहर एकमेकींत मिसळली की केबलवर जागोजाग दाबाचे उंचवटे आणि खोलगे तयार होतात. उंचवटा आणि खोलगा यांच्या गुणोत्तराला स्टँडिंग वेव्ह रेशो किंवा नुसते एसडब्ल्यूआर म्हणतात. सर्व काही जुळले असेल तर ते १ येते. ५० ओहमच्या केबलला १५० ओहमची अँटेना जोडली तर ३ येते, आणि तेथे पोहोचलेल्या शक्तीचा चौथा हिस्सा माघारी फिरतो. 'चौथा हिस्सा वाया' असे वाक्य लगेच तोंडी येते, पण ते चूक आहे. माघारी फिरलेली शक्ती ट्यूनरपाशी येऊन पुन्हा अँटेनाकडे वळते. ती वाया जाते ती केवळ केबलमध्ये होणाऱ्या प्रत्येक जास्तीच्या फेरीत, आणि केबल चांगली असेल तर हा भुर्दंड क्षुल्लक असतो. ३० मीटर लांबीच्या जाड केबलमध्ये ७ मेगाहर्ट्‌झला, माप जुळलेले असताना, १०० वॅटपैकी सुमारे ८९ अँटेनापर्यंत पोहोचतात असे धरले, तर एसडब्ल्यूआर ३ असताना ८३ पोहोचतात. ऐकणाऱ्याच्या कानाला हा फरक कळणारही नाही. दीडाचा सव्वा करण्यासाठी गच्चीवर दुपार घालवणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून पाहावा.

दुसरे टोक मात्र भीतीदायक आहे. वर वर्णिलेली ४० मीटर पट्ट्याची डायपोल तशीच ठेवून त्याच तारेवर १४ मेगाहर्ट्‌झला, म्हणजे २० मीटर पट्ट्यात बोलायचे ठरवले. आता तारेची लांबी अर्ध्या तरंगाची न राहता एका पूर्ण तरंगाची झाली, आणि मध्यभागी इम्पिडन्स काही हजार ओहमवर गेला. आपण तो अडीच हजार मानू; एसडब्ल्यूआर झाला ५०. केबल ३० मीटर, पण स्वस्तातली बारीक. माप जुळलेले असतानाही तिच्यात दीड डेसिबल घट, म्हणजे १०० वॅटमधील सुमारे ७१ पोहोचणार. एसडब्ल्यूआर ५० झाल्यावर मात्र त्याच केबलमधून अँटेनाला मिळतात जेमतेम १० वॅट. उरलेले ९० वॅट केबल तापवण्यात खर्च होतात.

आणि खोलीतल्या मीटरवर काय दिसते? पन्नास नव्हे. माघारी येणारी लहरसुद्धा त्याच झिजवणाऱ्या केबलमधून परतते, दमून क्षीण होते, आणि मीटरवर दिसतो पाचाच्या आसपासचा आकडा. 'पाच म्हणजे तसे वाईटच, पण ट्यूनर आहे ना,' असे म्हणून ऑपरेटर कळ फिरवतो. ट्यूनर आपले काम चोख करतो, सुई एकावर येते, ट्रान्समीटर पूर्ण १०० वॅट देऊ लागतो. खोलीत समाधान नांदते. अँटेनावर मात्र सांधा तसाच तुटलेला, कारण ट्यूनरने जुळवले ते ट्रान्समीटर आणि केबल यांच्यामधले माप; केबल आणि अँटेना यांच्यामधले नव्हे. मुंबईच्या गोदीत हमालांची फौज उभी केली म्हणून पुलगावचा माल हलत नाही. गेज बदलतो पुलगावला.

केबल जितकी वाईट तितका मीटर खोटे समाधान देतो, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटते. पण तिचे टोक पाहायचे असेल तर डमी लोड पाहावा. ५० ओहमचा, उष्णता सोसणारा एक रोधक डब्यात बसवलेला असतो. ट्रान्समीटर तपासताना तो अँटेनाच्या जागी लावतात. त्याचा एसडब्ल्यूआर निर्दोष १ असतो आणि त्यातून बाहेर पडणारा आवाज शेजारच्या गल्लीतही पोहोचत नाही.

उपाय दोन. एक, हमाल पुलगावला उभा करणे, म्हणजे ट्यूनर अँटेनाच्या पायाशी बसवणे. मोठी नभोवाणी केंद्रे हेच करतात. आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १९८८ पासून नागपूरहून १५६६ किलोहर्ट्‌झवर, १००० किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून ऐकू येत असे; २०१९च्या आरंभी ती वाहिनी बंद झाली. अशा मध्यम लहरींच्या केंद्रांवर मनोऱ्याच्या पायथ्याशी एक छोटी खोली दिसते. तिच्यात माणूसभर उंचीच्या कॉइल आणि कपॅसिटर असतात. दहा लाख वॅटचा प्रश्न असतो तेव्हा दहा टक्के गमावण्याची चैनही कोणाला परवडत नाही. हौशी ऑपरेटरला आता पावसात टिकणारे, रिलेच्या साहाय्याने आपोआप जुळवून घेणारे ट्यूनर मिळतात; ते गच्चीवर अँटेनाजवळ बसवता येतात.

दुसरा उपाय जुना आणि स्वस्त. केबलऐवजी दोन उघड्या तारा, एकमेकींपासून ठरावीक अंतरावर, मध्ये फळीचे किंवा प्लास्टिकचे तुकडे लावून अँटेनापर्यंत न्यायच्या. सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजींच्या काळातला दूरध्वनी आजही पाहायला मिळतो. त्या युगात दूरध्वनीच्या ज्या उघड्या तारा खांबाखांबांवरून जात, त्यांचा इम्पिडन्स सुमारे ६०० ओहम असे. हौशी मंडळींची ही शिडीसारखी दिसणारी तार त्याच कुळातली. हवा हीच तिच्या दोन तारांमधली भिंत असल्याने तिच्यात शक्ती मुरत नाही. वरचेच उदाहरण, अडीच हजार ओहमची अँटेना आणि ३० मीटरचे अंतर, या तारेवर घेतले तर १०० वॅटपैकी सुमारे ९५ वर पोहोचतात. एवढा फरक केवळ तार बदलल्याने पडतो; ट्यूनर खोलीतच राहिला तरी चालतो. मग सगळे हीच का वापरत नाहीत? कारण ती भिंतीला किंवा लोखंडी गजाला चिकटवून चालत नाही, आणि गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांना ती दृष्टीस पडते. शहरातील ऑपरेटर म्हणूनच अर्धतरंग तारेच्या टोकाशी ४९ला १ या प्रमाणाचा छोटा ट्रान्सफॉर्मर बसवतात. टोकाचे सुमारे अडीच हजार ओहम तो तिथल्या तिथे ५० वर आणतो. खाली बारीक केबल चालते, आणि गॅलरीतून झाडाकडे गेलेली एकच तार कोणाच्या लक्षातही येत नाही.

हा सगळा खटाटोप केवळ छंदापुरता नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आणि २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर संपर्कासाठी हौशी ऑपरेटरांनी आपली केंद्रे उभारली. पावसाळ्यात वर्धा आणि वणा नद्यांना पूर येतो तेव्हा विदर्भातही वीज आणि मोबाइल एकदमच जाऊ शकतात. तेथे मोजून-मापून तार टांगायला सवड नसते. झाड सापडेल तेथे, लांबी असेल तेवढी. शक्ती मिळते ती गाडीच्या बॅटरीतून, आणि १०० वॅटचा संच बोलताना तिच्यातून सुमारे २० अँपिअर ओढतो. त्यातले ९० वॅट केबल तापवण्यात जात असतील तर बॅटरी उतरेपर्यंत निरोप पोहोचेलच असे नाही. उलट जुळवणी जागच्या जागी केलेली असेल, तर संचाची शक्ती २० वॅटवर आणूनही वरच्या उदाहरणातल्या १० वॅटपेक्षा अधिक लहरी आकाशात जातील, आणि बॅटरी कितीतरी अधिक वेळ टिकेल.

सुईच्या लबाडीचा आणखी एक प्रकार वर्ध्याच्या मातीत पाहता येतो. आडवी तार टांगायला जागा नसेल तर उभी अँटेना लावतात. ४० मीटर पट्ट्यासाठी सुमारे १० मीटर उंचीची नळी. तिचा दुसरा अर्धा भाग म्हणजे जमीन. परतीचा प्रवाह मातीतून वाहतो, आणि माती त्यावर आपला कर वसूल करते. हा कर कमी करायचा तर नळीच्या पायथ्यापासून चहूबाजूंना तारा पसरतात. त्यांना रेडियल म्हणतात.

अशा नळीचा स्वतःचा उपयुक्त रोध सुमारे ३६ ओहम. मातीचा रोध १४ ओहम असला तर बेरीज बरोबर ५० आणि सुई अचूक एकावर. ऑपरेटर खूश. मात्र शंभरातील ७२ वॅटच आकाशात गेले, उरलेल्यांनी गांडुळांना ऊब दिली. आता त्याने रेडियल वाढवले आणि मातीचा रोध ४ वर आणला. बेरीज झाली ४०. सुई सव्वावर गेली, म्हणजे 'बिघडली'. पण आकाशात जाणारी शक्ती ९० वॅट झाली. नळी निम्म्या उंचीची असेल तर हा खेळ अधिक बोचरा होतो. समजा तिचा उपयुक्त रोध ७ ओहम, सोबतच्या कॉइलचा ५ आणि मातीचा ३०. बेरीज ४२, सुई सव्वाच्याही खाली, आणि आकाशात शंभरातील जेमतेम १७ वॅट. रेडियल घालून मातीचा रोध ८ वर आणला की बेरीज २०, सुई अडीचवर, आणि आकाशात ३५ वॅट. मीटर नाराज, शक्ती दुप्पट. अशा वेळी जवळ ट्यूनर असणे हे वरदान, कारण रेडियल काढून टाकण्याचा मोह आवरता येतो. उरलेली जुळवणी पायथ्याशी करून घेता येते आणि संचालाही त्याचे ५० ओहम मिळतात.

विदर्भाची काळी कापसाची जमीन या बाबतीत लहरी आहे. ओलावा धरून ठेवणारी ही माती पावसाळ्यात विजेला चांगली वाट देते, आणि वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडल्या की तिचा रोध चढतो. म्हणून मेमधला मीटरचा आकडा ऑगस्टमध्ये खरा राहत नाही. ज्याने कोरड्या जमिनीवर सुई नेमकी एकावर आणून ठेवली आहे, त्याला पहिला दमदार पाऊस झाल्यावर ती सरकलेली दिसते आणि अँटेनात पाणी शिरल्याची शंका येते. पाणी मातीत शिरलेले असते.

ट्यूनर फिरवण्याची रीतही यावरून ठरते. आधी काहीही प्रक्षेपण न करता केवळ ऐकत राहावे आणि आकाशातला खरखराट सर्वाधिक होईल तेथे कळा आणाव्यात. मग मोकळी वारंवारता पाहून, आपले संकेतनाम सांगून, पाच-दहा वॅटवर सुई पाहत बारीक फेरफार करावा. दोन कपॅसिटर आणि एक कॉइल असलेल्या नेहमीच्या ट्यूनरमध्ये सुई एकावर आणणाऱ्या जागा एकाहून अधिक सापडतात, आणि त्या सारख्या नसतात. कॉइलचे जितके कमी वेढे वापरात आणि कपॅसिटरची पाती जितकी जास्त आत, तितकी पेटीतली झीज कमी. पाच मिनिटे बोलल्यावर पेटीला हात लावून पाहावा. ती गरम लागली तर दुसरी जागा शोधावी. अलीकडे नॅनोव्हीएनए नावाचे, तळहातावर मावणारे मापनयंत्र काही हजार रुपयांत मिळू लागले आहे. एसडब्ल्यूआरबरोबरच रोध आणि उसनवारी वेगवेगळी दाखवणारे हे यंत्र केबलच्या खोलीतल्या टोकाला न लावता शिडी चढून अँटेनाच्या टोकाला लावावे. मृगाचे ढग दिसू लागले, तर मात्र शिडी चढू नये; तार सेटपासून सोडवून खिडकीबाहेर ठेवावी.